‘लहान आहे, विसरून जाईल’

मागच्या महिन्यात नात्यातल्या एकांच्या दहाव्याला गेले होते. घाटावर सगळे कावळा शिवायची वाट बघत उभे होते. गेलेल्या माणसाचा आठ वर्षांचा मुलगा चपलांच्या ढिगाजवळ उकिडवा बसून ओल्या मातीत काडीने रेघा ओढत होता. उभ्या, एकसारख्या, एकीला चिकटून दुसरी. कुणीतरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालं, “लहान आहे तेच बरं. विसरून जाईल.”

हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, तरी मला ते ऐकवत नाही. मेंदूचा हिशेब जवळजवळ उलटा आहे. घटना कधी, कुठे, कशी घडली याची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लहानपणी हळूहळू पक्व होतो. भीती शिकणारा अमिग्डाला, कानाच्या पातळीवर मेंदूत खोलवर असलेला बदामाएवढा भाग, त्याच्या आधीच कामाला लागलेला असतो. म्हणून दोन वर्षांच्या पोराला प्रसंग शब्दांत आठवत नाही, पण दार आपटलं की त्याचं अंग आक्रसतं. आठ वर्षांच्या मुलाला तर दोन्ही आठवतं.

अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करायचे. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच लोक मध्येच येणं सोडत होते. बोलतं केल्यावर त्यांतल्या अनेकांनी लहानपणी झालेले अत्याचार सांगितले. पुढे रॉबर्ट आंडा यांच्यासोबत त्यांनी साडेनऊ हजार माणसांची पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट दिसला. धोका वाढतो, भविष्य ठरत नाही, हे मात्र घट्ट धरून ठेवायला हवं. सावरणारेही खूप असतात. ते कसे सावरतात, हे मला सांगायचं आहे. पुढचा भाग जरा सावकाश वाचा.

कुठलीही आठवण पक्की व्हायला मेंदूच्या पेशींमधले जोड मजबूत व्हावे लागतात आणि त्यासाठी पेशींना नवी प्रथिनं बनवावी लागतात. ही प्रथिनं बनली, जोड आवळले गेले, की आठवण सिमेंटसारखी सुकली, आता तिला हात लावता येत नाही, असंच बहुतेक शास्त्रज्ञ मानत होते. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवला आणि पाठोपाठ पायाला विजेचा झटका दिला. उंदीर शिकले: आवाज आला की जागच्या जागी थिजायचं. दुसऱ्या दिवशी त्यांना फक्त आवाज ऐकवला, झटका दिला नाही, आणि लगेच अमिग्डालात ॲनिसोमायसिन सोडलं. हे औषध नवी प्रथिनं बनू देत नाही. पुढच्या दिवशी तोच आवाज आला तेव्हा ते उंदीर फारसे थिजले नाहीत.

यातली खरी मौज तुलनेत आहे. ज्या उंदरांना आवाज न ऐकवताच औषध दिलं, त्यांची भीती जशीच्या तशी राहिली. आवाज ऐकवल्यानंतर सहा तासांनी औषध दिलं, त्यांचीही राहिली. म्हणजे आठवण जागी झाली की काही तास ती सैल होते आणि तिला नव्याने पक्कं व्हावं लागतं. मला यावर आजीची गोधडी आठवते. शिवलेली गोधडी नुसती पडून असेल तर तिच्यात बदल होत नाही. टाका उसवला, की मात्र पुन्हा शिवताना आत नवा तुकडा बसवता येतो. आणि टाका उसवायलाही निमित्त लागतं. जे घडेल असं वाटलं होतं त्यापेक्षा काहीतरी वेगळं घडावं लागतं. भीतीची अपेक्षा होती आणि झटका आलाच नाही, ही ती तफावत.

माणसांवर असाच प्रयोग २०१० मध्ये डॅनिएला शिलर आणि सहकाऱ्यांनी केला, औषधाशिवाय. आधी रंगीत चौकोनासोबत झटका देऊन भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी भीतीची आठवण जागी करायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग तोच रंगीत चौकोन झटक्याविना पुन्हा पुन्हा दाखवायचा. वर्षभरानंतरही भीती परतली नाही. नंतर काही प्रयोगशाळांना हा निकाल मिळाला नाही, आणि चौकोनाची भीती व बापाच्या माराची भीती एका मापाची नाही. दुसरी, जुनी आणि जास्त भक्कम वाट म्हणजे जुन्या भीतीच्या शेजारी सुरक्षिततेची नवी आठवण तयार होणं. दोन्ही वाटांना एक गोष्ट लागते: भीती थोडी जागी व्हावी आणि त्याच वेळी जवळ विसाव्याचं काहीतरी असावं. म्हणूनच “सांग, काय पाहिलंस” म्हणून ताबडतोब मुलाला खोदू नये. मोठ्या संकटानंतर एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याच्या पद्धतीचा फायदा दिसलेला नाही, काही अभ्यासांत तोटाच दिसला.

हा विसावा कुठून येतो? कधी बरोबरीच्या मुलांकडून. १९४५ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीतून सहा अनाथ मुलं इंग्लंडला आली, साधारण तीन ते चार वर्षांची. मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी सोफी डॅन यांनी त्यांचं वर्षभराचं निरीक्षण लिहून ठेवलं आहे. खेळणी मोडायची, मोठ्यांना चावायची. पण एकमेकांना सोडून क्षणभर राहायची नाहीत. एका मुलाला केकचा दुसरा तुकडा मिळाला नाही म्हणून तो रडू लागला, तर दोघी मुलींनी आपल्या ताटातला उरलेला त्याला दिला आणि तो खाईपर्यंत त्याला गोंजारत बसल्या. तीन-चार वर्षांच्या मुली! आईबाप कुणाला आठवतही नव्हते. ही मुलं चिडकी आणि बेचैन होती, तरी वर्षभरात नवी भाषा शिकली. एकमेकांमुळे ती तगली, असं मला वाचताना दर वेळी वाटतं.

त्याच छावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार मुलांना चित्रकला शिकवायची. कागद मिळेल तो, कार्यालयातले पाठकोरे फॉर्मसुद्धा. मुलांनी चित्रावर आपलं नाव लिहावं, असा तिचा आग्रह असे. चित्र काढताना भीतीचा प्रसंग कागदावर येतो, पण खडू मुलाच्या हातात असतो. थांबायचं कधी, हे तोच ठरवतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑश्विट्झला पाठवून मारलं गेलं. तिने मागे ठेवलेल्या दोन सुटकेसमधली साडेचार हजारांच्या आसपास चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

श्रद्धेबद्दल लिहिताना मला जपून लिहायचं आहे. इटलीतले लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाबाची स्वतःची एक साधारण दहा सेकंदांची लय असते. श्वास तिच्याशी जुळला, की हृदयाचा वेग आणि रक्तदाब यांचा ताळमेळ सुधारतो. अभंगाची लांब ओळ एका दमात म्हणताना असंच काही होत असावं, असा माझा कयास आहे. शिवाय भजनात शेजारी माणूस असतो.

पण श्रद्धेला दुसरी बाजू आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी रुग्णालयातल्या वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. देवाने मला टाकलं, देव मला शिक्षा करतोय, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. मग “पांढऱ्या पायाची” किंवा “मागच्या जन्मीचं पाप” असं पोराच्या कानावर घालणाऱ्यांना काय म्हणावं? रात्री ओरडत उठणाऱ्या मुलीला भगताकडे नेऊन धुरी देणं म्हणजे उसवलेल्या टाक्यात काटा शिवणं. एका शिबिरात बालपणीचा आघात पुसून देतो म्हणणारे रील्सवरचे गुरूही मला त्याच रांगेतले वाटतात. महिना उलटूनही दुःस्वप्नं, दचकणं, गप्प होणं चालू राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

तेराव्याला जाताना मी खडूची पेटी आणि पाठकोरे कागद नेले. त्याची चुलतबहीण आधी बसली, मग तो बसला. तिने घर काढलं. त्याने पुन्हा रेघाच काढल्या, फक्त आता तिरप्या, आणि खाली एक छत्री. पाऊस होता तो. मी काही विचारलं नाही. त्याने तिच्याकडे निळा खडू मागितला.