गलीना : शिशाच्या बंदराचे सुटीचे गाव कसे झाले

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या गलीनाच्या मेन स्ट्रीटवर शिरताना आधी लागतात ते पुराचे दरवाजे. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये रस्ता अडवू शकेल असे पोलादी फाटक. शेजारची गलीना नदी मात्र इतकी अरुंद की आज तिच्यात कयाकच शोभतात. हीच नदी एकेकाळी मिसिसिपीवरच्या आगबोटी तीनेक मैल आत, थेट गोदामांपर्यंत आणत असे. सेंट लुईस आणि सेंट पॉल यांच्या दरम्यान याहून गजबजलेले बंदर नव्हते. त्या बंदराचा धंदा बुडाला, म्हणूनच आज गाव पाहायला गर्दी होते.

सुरुवात भूगोलापासून करावी लागते. अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागाचा, म्हणजे मिडवेस्टचा, बराच भाग हिमनद्यांनी घासून सपाट केला आणि वर गाळमातीचा जाड थर सोडला. हा टापू त्यातून सुटला. त्यामुळे इथे डोंगरउतार शिल्लक राहिले आणि डोलोमाइट खडकाच्या उभ्या भेगांतले शिशाचे खनिज फार खोल गाडले गेले नाही. हे खनिज म्हणजे गॅलेना. आपल्याकडच्या सुरम्यात पुष्कळदा हीच भुकटी असते, आणि म्हणूनच तो डोळ्यांत घालू नये असे डॉक्टर सांगतात. शुद्ध गॅलेनात वजनाने ८६ टक्क्यांहून जास्त शिसे असते. मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक या मूळनिवासी जमातींचे लोक ते गोऱ्यांच्या आधीपासून काढत होते. १८२२ मध्ये अमेरिकी सरकारने खाणी भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. १८२६ मध्ये वस्तीला खनिजाचेच नाव मिळाले.

शिसे गाळायची रीत मात्र जंगलाच्या मुळावर आली. उतारावर दगडी भिंतींचा उघडा चुला रचायचा, त्यात ओकचे ओंडके, वर खनिज, आणि साधारण दिवसभर जाळ. पहिल्या खेपेला खनिजाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास शिसे हाती लागे, बाकीचे राखेत. ती राख वेगळ्या भट्टीत पुन्हा तापवायची, म्हणजे आणखी लाकूड. १८४५ मध्ये इथून सुमारे ५.४ कोटी पौंड शिसे गेले. देशातल्या उत्पादनाचा सुमारे ८० टक्के वाटा या खाणपट्ट्याचा होता. डोंगर बोडके झाले, खड्ड्यांतली माती मोकळी पडली आणि प्रत्येक पावसात ती नदीत उतरली. ज्या धंद्याने बंदर उभे केले, त्यानेच त्याचे पाणी आटवले.

बाकीचे घावही लागोपाठ बसले. १८४९ च्या सुमारास खाणकामगार सोन्यामागे कॅलिफोर्नियाला गेले. १८५४ मध्ये रेल्वे आली, पण ती इथे न थांबता पुढे मिसिसिपीच्या काठापर्यंत गेली. मालाला गलीनात उतरण्याचे कारण उरले नाही. शिखरकाळी १४ हजारांच्या घरात सांगितली जाणारी लोकसंख्या आज साडेतीन हजारांच्या आत आहे. १८५५ चे डीसोटो हाउस हॉटेल आधी पाच मजली होते. गिऱ्हाईकच नाही म्हणून १८८० मध्ये वरचे दोन मजले उतरवले. नवे बांधायला पैसा नव्हता, मग जुने पाडणार कोण? विटांची दुकाने, चुनखडीचे पाये, उतारावरचे जिने सगळे जागच्या जागी राहिले.

अमेरिकी यादवी युद्धातले सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांचे नाव गावाला पाहुणे आणते, पण त्यांचा इथला मुक्काम तोकडाच. १८६० मध्ये ते वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला आले आणि वर्षभरात युद्धावर गेले. १८६५ च्या ऑगस्टमध्ये विजयी सेनापती म्हणून परतले, तेव्हा गावातल्या धनिकांनी त्यांना विटांचे सजवलेले घर भेट दिले. १९०४ मध्ये ते ग्रँट यांच्या मुलांनी गावाला दिले, १९३१ मध्ये ते राज्याकडे गेले. माझ्या मते याहून रंजक इमारत आहे ती ग्रीन स्ट्रीटवरची जुनी कस्टम हाउस (जकात कचेरी) आणि पोस्टाची. १८५७ ते १८५९ दरम्यानच्या तिच्या बांधकामावर सेनेका जमातीचे अभियंते एली पार्कर यांची देखरेख होती. ग्रँट यांच्याशी त्यांची ओळख गलीनातच झाली, आणि १८६५ मध्ये व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सैन्याच्या शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत पार्कर यांच्याच हातची होती.

पर्यटन पिकले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९३७ आणि १९४७ च्या पुरांनंतर सैन्याच्या अभियंत्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बांध आणि दरवाजे पुरे केले. मेन स्ट्रीटवरच्या दुकानांत पैसा घालायचा धीर त्यानंतरच आला. शिकागोहून गाडीने तीनेक तासांचे अंतर असल्याने चित्रकार आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी स्वस्त घरांसाठी येऊ लागले. १९६९ मध्ये गावाचा मोठा भाग राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेला आणि १९८६ मध्ये डीसोटो हाउस नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले.

या विटा जपण्यात नेहमीची चूक म्हणजे दरजा सिमेंटने भरणे. एकोणिसाव्या शतकातली वीट मऊ आणि सच्छिद्र असते. तिच्यात मुरलेले पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. सिमेंट ते अडवते. मग ओल विटेतच गोठते, फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. वाळूचा मारा करून भिंत धुतली तर विटेची भाजलेली कडक साल निघते आणि हेच आणखी लवकर होते. सांध्यातला मसाला विटेपेक्षा मऊच हवा.

हिवाळ्यात गर्दी गावाबाहेरच्या चेस्टनट माउंटनवर जाते. हिमनदीच्या घासणीतून वाचलेल्या त्याच उतारांवर, मिसिसिपीच्या काठी, सुमारे ४७५ फूट उताराचे स्कीइंग चालते. इथे लॉज माथ्यावर आहे, म्हणजे आधी खाली घसरायचे आणि मग पाळण्यातून वर यायचे. बर्फ बराचसा यंत्राचा असतो. त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही. हवा कोरडीही लागते. ओल्या फडक्याच्या तापमापकावर (फुग्याला ओले फडके गुंडाळलेला, हवा जितकी कोरडी तितका पारा खाली दाखवणारा) साधारण उणे २ अंशांच्या खाली पारा गेला तरच फवाऱ्याचे थेंब जमिनीवर पडण्याआधी गोठतात. नदीकाठची हवा दमट असली की शून्याखालच्या थंडीतही यंत्रे बंद ठेवावी लागतात.