कोपराची गुंतागुंतीची दुखापत: सांधा बसवण्याइतकेच तो हलवणेही महत्त्वाचे

पावसाळ्यात खानापूरकडच्या निसरड्या बांधावरून घसरताना किंवा निपाणी-बेळगाव महामार्गावर दुचाकीवरून पडताना माणूस आपसूक हात टेकतो आणि कधीकधी त्या भाराने कोपराचा सांधाच निखळतो. नुसता सांधा निखळला असेल, तर तो जागेवर बसवल्यावर बहुधा स्थिर राहतो. मात्र त्याबरोबर कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी रेडियस या हाडाचे कोपराकडचे डोके आणि अल्ना या हाडाचा कोरोनॉइड हा पुढचा उंचवटाही मोडला, तर बसवलेले कोपर पुन्हा निसटू लागते. अमेरिकन शल्यविशारद रॉबर्ट हॉचकिस यांनी १९९६ मध्ये या तिहेरी दुखापतीला ‘टेरिबल ट्रायड’ (भयंकर त्रिकूट) म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले.

कोरोनॉइडचा तुटलेला तुकडा एक्सरेमध्ये इतका लहान दिसतो की त्याकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते. पण अल्नाला मागे सरकू न देणारा अडसर तोच आहे, आणि म्हणूनच अशा दुखापतीत सिटी स्कॅनचा खर्च टाळू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

सांधा नीट बसलेला असेल, तुकडे लहान असतील आणि हात बराचसा सरळ केल्यावरही तो निसटत नसेल, तर वारंवार एक्सरे काढून शस्त्रक्रियेविना उपचार करता येतात. पण असे रुग्ण मोजकेच. इतरांमध्ये आधी कोरोनॉइड टाके किंवा स्क्रूने बसवतात. रेडियसच्या डोक्याचे दोन-तीनच तुकडे असतील तर ते जोडतात, चुराच झाला असेल तर धातूचे कृत्रिम डोके घालतात. मोडलेले डोके नुसते काढून टाकल्यास सांधा आणखी अस्थिर होतो. त्यानंतर बाहेरच्या बाजूचा फाटलेला अस्थिबंध (हाडांना एकत्र बांधणारा पट्टा) हाडाला पुन्हा शिवून, टेबलावरच हात वाकवून आणि सरळ करून सांधा तपासला जातो. तरीही तो निसटत असेल, तर आतील बाजूचा अस्थिबंध शिवतात किंवा बाहेरून बिजागरीची चौकट लावतात.

एवढा खटाटोप कोपर लवकर हलवता यावे यासाठी असतो. नातेवाईक विचारतात, “प्लास्टर कधी काढणार?” त्याऐवजी “हालचाल कधी सुरू करायची?” हा प्रश्न विचारायला हवा, कारण तीन आठवड्यांहून अधिक काळ जखडलेले कोपर फार लवकर आखडते. सुरुवातीच्या व्यायामात रुग्णाला उताणे झोपवून दंड छताकडे उभा धरायला सांगतात आणि त्याच स्थितीत कोपर हळूहळू वाकवून सरळ करवून घेतात. त्या स्थितीत हाताचे वजनच सांधा जागेवर दाबून धरते. जेवणे, तोंड धुणे अशा रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांपर्यंतची हालचाल पुरते.

आपल्या सीमाभागात अजूनही अनेक जण आधी हाडवैद्याकडे जातात. तिथे बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या, तर सुजलेल्या हाताचा रक्तपुरवठा अडू शकतो. बोटे बधिर पडणे किंवा ती सरळ करताना असह्य दुखणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. शस्त्रक्रियेनंतरचे जोरकस तेलमालिश आणि ओढाताणही टाळायला हवी, कारण त्यामुळे सांध्याभोवतीच्या स्नायूंमध्ये नको तिथे हाड तयार होण्याचा धोका वाढतो.

हातात पुरेशी ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागू शकते, आणि कोपर सरळ करतानाचे शेवटचे काही अंश अनेकांना परत मिळत नाहीत. व्यायाम करूनही सांधा आखडलेलाच राहिला, तर सांध्याभोवतीचे आवळलेले आवरण सोडवण्याची दुसरी शस्त्रक्रिया पुढे करता येते.