सर्व्हर स्लो आहे म्हणजे नक्की काय, बँडविड्थ कमी की लेटन्सी जास्त?

उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमधून (ओतकामाचे नमुने बनवणारा कारखाना) मागच्या आठवड्यात फोन आला, "दादा, फाईल सर्व्हर लई स्लो झालाय, दहा गिगाबिटचा स्विच टाकूया काय?" (फाईल सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाईली ठेवलेला कॉम्प्युटर, स्विच म्हणजे सगळ्यांच्या केबली जोडणारी पेटी.) म्हटलं थांबा, आधी येऊन बघतो, खर्च नंतर. कारण स्लो या एका शब्दात दोन वेगळी दुखणी असतात आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे.

बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती माल जातो, आणि लेटन्सी म्हणजे एक गोष्ट मागितल्यावर ती हातात पडेपर्यंत किती वेळ जातो. गुऱ्हाळातनं मार्केट यार्डात गुळाचे रवे न्यायचेत समजा. ट्रॉल्यांची रांग लागली असेल तर रस्ता रुंद केल्याचा फायदा होणारच, पण एकच माणूस गाडीवरनं एकेक रवा नेतोय, उतरवतोय, पावती घेतोय, परत येऊन दुसरा उचलतोय, तर रस्ता चौपदरी करा नाहीतर आठपदरी, वेळ तेवढाच लागणार.

छोट्या फाईलींचं अगदी असंच होतं. कॉम्प्युटर सर्व्हरला विचारतो फाईल आहे का, परवानगी आहे का, साईज किती, मग वाचतो, मग बंद करतो, आणि बहुतेक वेळा एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न जातच नाही. त्या शॉपमधल्या एका जॉबच्या फोल्डरात ६००० फाईली होत्या, सगळ्या मिळून फक्त ६०० एमबी. गिगाबिट लाईनवर (सेकंदाला १००० मेगाबिट, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट) प्रत्यक्षात ११० एमबी, म्हणजे मेगाबाइट, सेकंदाला मिळतात, म्हणजे सहा सेकंदात काम व्हायला पाहिजे, आणि लागत होती तीन मिनिटं! सर्व्हरमध्ये साधी ७२०० आरपीएमची हार्डडिस्क होती. तिची एक फेरीच ८.३ मिलिसेकंदांची, सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, त्यात हेड (डिस्क वाचणारं टोक) जागेवर जायचा वेळ धरला की एका ठिकाणचं वाचायला साधारण १२ मिलिसेकंद, आणि एका फाईलला अशा दोन-तीन उड्या लागल्या की ६००० फाईलींचा गुणाकार तुम्हीच करा. इथं दहा गिगाबिटचा स्विच काय करणार? एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाकली, जिथं हाच वेळ ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, आणि स्विच आहे तोच ठेवला.

आता उलटी केस. तिथंच एका मशीनवर मोठी फाईलसुद्धा सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. हा आकडा दिसला की ओळखायचं, लाईन १०० मेगाबिटवर आलीय. स्विचवर त्या पोर्टचा लाईट हिरव्याऐवजी नारंगी होता (कुठला रंग कशाचा ते कंपनीप्रमाणे बदलतं, बघून घ्या). गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळं एखादी तार नीट बसली नसली की बरीच नेटवर्क कार्डं गुपचूप १०० वर उतरतात आणि नेट चालू दिसतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही. केबलच्या टोकाची क्लिप कापली तर तपकिरी तार आत पोचलीच नव्हती. नवीन क्लिप क्रिंप केली (पकडीनं दाबून बसवली), काम झालं.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी चार जीबीची एकच फाईल कॉपी करून बघा आणि मग हजारो बारक्या फाईलींचा फोल्डर. मोठी जोरात आणि बारक्या रडत असतील तर लेटन्सी, मोठीच अडकत असेल तर आधी केबल आणि लाईन बघा. पण टेस्ट पहिल्यांदा केलेलीच खरी, दुसऱ्यांदा फाईल रॅममधनं येते आणि सगळं झकास वाटतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. लिनक्सवर एनएफएस (नेटवर्कवरनं फाईली वाटायची पद्धत) असेल तर कुणीतरी सांगतंच, एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे फोल्डर वाटायच्या सेटिंगमध्ये, असिंक टाक, रॉकेट होतंय. होतं खरं, कारण डिस्कवर लिहायच्या आधीच सर्व्हर "लिहिलं" म्हणून सांगून मोकळा होतो. मधेच लाईट गेली तर कामगाराच्या स्क्रीनवर सेव्ह झालेलं ड्रॉईंग सर्व्हरवर नसतं. त्या शॉपमध्ये मी सिंकच (डिस्कवर लिहून झाल्यावरच "लिहिलं" म्हणणारं सेटिंग) ठेवलंय.