उणे ४० सोसणारी चेरी वसंतात का करपते?

नानकिंग चेरीचं झुडूप हिवाळ्यात उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसतं. तेच झुडूप वसंतात पारा उणे ३-४ अंशांवर गेला की एका रात्रीत बहुतेक बहर गमावून बसतं. बागेत ते कुठे लावायचं, हे या विसंगतीवरूनच ठरवायला हवं.

प्रुनस टोमेंटोसा हे तिचं शास्त्रीय नाव आणि चीनचा उत्तर आणि पश्चिम भाग, मंगोलिया, कोरिया हे मूळ मुलूख. दीड ते तीन मीटर उंच, ऐसपैस पसरणारं झुडूप. पान उलटं करून बोट फिरवा, दाट मऊ लव लागते. पालवी फुटायच्या सुमारास गुलाबी कळ्या उमलतात आणि काड्या पांढऱ्या फुलांनी झाकून जातात.

या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात. हिवाळ्यात आतल्या इवल्या फुलातलं बरंचसं पाणी बाहेरच्या खवल्यांकडे सरकतं आणि तिथेच गोठतं. उरलेलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतं, कारण फांदीतला बर्फ आत शिरायला अजून वाट नसते. कळीला पाणी पुरवणाऱ्या नलिका पुरत्या जोडलेल्याच नसतात. वसंतात कळी फुगते, नलिका जुळतात, पाणी आत येतं. आता बर्फालाही वाट मोकळी! हे कवच एकदा उतरलं की त्या हंगामात परत मिळत नाही.

म्हणून दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगतची उबदार जागा मला पसंत नाही. तिथे कळ्या फसून लवकर फुगतात. खोलगट भागही टाळावा, थंड हवा जड असल्याने रात्री तिथेच साचते. हलका उतार आणि रोज सहा तास ऊन असेल तर उत्तम. निचरा मात्र हवाच. थंडीला न जुमानणारं हे झुडूप साचलेल्या पाण्यात मुळं कुजून मरतं.

थंडी नुसती सोसायची नसते, ती लागतेही. ० ते ७ अंशांच्या गारव्यात कित्येक आठवडे काढल्याशिवाय कळ्यांची झोप मोडत नाही. हिवाळा उबदार असेल तिथे हे झुडूप लावू नये.

छाटणी बहर ओसरल्याबरोबर करावी. उशिरा केली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. फळं हवी असतील तर दोन वेगवेगळी रोपं लावा, कारण बहुतेक झुडपांना स्वतःचा पराग चालत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुमारे एक सेंटिमीटरची लालभडक, आंबटगोड फळं पिकतात. ती इतकी नाजूक की बाजारापर्यंत टिकत नाहीत, झाडावरून तोडून तिथेच खावीत. आतली बी चावू नये, तिच्यात सायनाइड तयार करणारं अमिग्डलिन असतं. रुजवायची असेल तर ओलसर वाळूत घालून तीन-चार महिने फ्रिजमध्ये ठेवा. कळीसारखीच बीही गारवा मिळाल्यावरच जागी होते.