जपानला निघालात? जेआर पास वेगळा, सुइका कार्ड वेगळं

चिपळूण-रत्नागिरीकडून जपानला निघालेल्या माणसाचा ठरलेला प्रश्न असतो: जेआर पास (जपान रेल्वेचा पास) काढू की सुइका कार्ड (आधी पैसे भरून गेटवर टेकवायचं कार्ड) घेऊ? दोन्हींतलं एकच घ्यायचं असतं, हे विचारणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं. त्यात आपल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईत नोकरीला, त्यामुळे लोकलचा पास अंगवळणी पडलेला. पास म्हणजे स्वस्त, आणि एकदा काढला की महिनाभर खिडकीकडे बघायला नको. जपानच्या पासकडे हाच हिशेब डोक्यात ठेवून गेलं की खिसा कापला गेलाच म्हणून समजा.

जेआर पास हा परदेशी पाहुण्यांसाठीचा, ठरावीक दिवसांचा परवाना आहे. पासपोर्टवर अल्पकाळ भेटीचा शिक्का लागतो. तो 7, 14 किंवा 21 दिवसांचा मिळतो आणि हे दिवस सलग मोजतात. मधे दोन दिवस एकाच गावात बसून राहिलात तरी ते जमेला धरले जातात. रात्री नऊला पास सुरू केला तर त्या तीन तासांचाही एक अख्खा दिवस गेला. ऑक्टोबर 2023 पर्यंत 7 दिवसांचा साधा पास 29,650 येनला मिळायचा, तेव्हा तो डोळे झाकून घ्यावा असाच होता. मग तो एकदम 50,000 येनांवर गेला. जुने प्रवासी अजून ‘पास काढाच’ म्हणून सांगतात, ते त्या जुन्या भावाच्या आठवणीवर.

आता आकडे मांडून बघू. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण 14 हजार येन. म्हणजे जाऊन-येऊन 28 हजार, पासाच्या बरंच खाली. क्योटोहून पुढे हिरोशिमाला गेलात तर आणखी साधारण साडेअकरा हजार, आणि तिथून थेट टोकियोला परत यायला 20 हजारांच्या जरा आत. एवढं फिरूनही बेरीज 45 हजारांच्या आसपासच येते. विमानतळाची जेआर गाडी आणि एखादी जवळची सहल धरली तर कुठे पास जेमतेम भरून निघतो. टोकियो-क्योटो-ओसाका अशी नेहमीची आठ-दहा दिवसांची सहल असेल, तर माझ्या मते पास घेऊच नये. सात दिवसांत हिरोशिमा, कानाझावा, सेंदाई असं चारी दिशांना धावायचं असेल तर मात्र जरूर घ्यावा.

त्यातही एक मेख आहे. टोकियो-ओसाका मार्गावरची सगळ्यात वेगवान गाडी म्हणजे नोझोमी. ती पासात येत नाही. वर वेगळे पैसे भरावे लागतात, टोकियो-क्योटोला जवळपास 5 हजार येन. हिकारी चालते. ती थोडी जास्त ठिकाणी थांबते, एवढाच फरक. अर्ध्या तासासाठी 5 हजार मोजण्यापेक्षा हिकारीत बसून डबा उघडावा.

सुइका हे निव्वळ पैसे भरून ठेवायचं कार्ड. हिरवं, त्यावर पेंग्विनचं चित्र. जपानच्या पूर्व भागातल्या जेआर कंपनीने ते 2001 मध्ये आणलं. यात सवलत जवळजवळ नाही. जेवढा प्रवास तेवढे पैसे कापले जातात. त्याची खरी किंमत कळते ती टोकियोच्या मेट्रोत, क्योटोच्या सिटी बसमध्ये, स्टेशनवरच्या लॉकरपाशी, अगदी चहाची बाटली देणाऱ्या यंत्रासमोर. या सगळ्या ठिकाणी जेआर पास कागदाचा तुकडा आहे.

यामागचं कारण आपल्याला रोह्यावरून समजावं. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोकण रेल्वे, ही दोन वेगळी खाती. पण दादरला काढलेल्या सावंतवाडीच्या तिकिटावर या हद्दीची काहीच खूण नसते. जपानात मात्र कंपन्यांची हद्द जाणवते. तिथली सरकारी रेल्वे 1 एप्रिल 1987 ला फोडून सहा प्रवासी कंपन्या केल्या. जेआर पास या सहांच्या गाड्यांवर चालतो. टोकियो मेट्रो, हांक्यू, ओदाक्यू, किंतेत्सू या निराळ्या कंपन्या, त्यांच्याकडे त्याचा उपयोग नाही. एकाच स्टेशनच्या इमारतीत दोन कंपन्यांची गेटं शेजारी-शेजारी असतात, आणि पास घेऊन चुकीच्या गेटावर उभं राहिलं की मागे रांग लागते.

कार्डाची हद्द वेगळीच. 2013 पासून सुइका, पास्मो, इकोका अशी दहा कार्डं एकमेकांच्या भागात चालतात, म्हणून टोकियोत घेतलेलं कार्ड ओसाकाच्या मेट्रोतही चालतं. पण टोकियोच्या भागात कार्ड टेकवून आत शिरायचं आणि ओसाकाच्या भागात टेकवून बाहेर पडायचं, हे जमत नाही. तेवढ्या लांबच्या प्रवासाला तिकीटच काढावं. कार्डात पैसे आहेत म्हणून ते नुसतं टेकवून शिंकान्सेनचं गेटही उघडत नाही.

गेटवर दोन्हींची रीत निराळी. पास फटीत सरकवायचा, तो पलीकडे वर येतो, तिथून उचलायचा. गडबडीत तसाच सोडून पुढे गेलात आणि हरवला, तर दुसरा मिळत नाही. कार्ड फक्त वाचकावर टेकवायचं. शिल्लक कमी पडली तर बाहेर पडताना फळी आडवी येते. घाबरू नका. गेटच्या आतल्या बाजूला फरक भरायचं यंत्र असतं, त्यात नोट घातली की सुटलात.

आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एकावर दोघं जाता येत नाही. 6 ते 11 वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, त्यांचं कार्डही वेगळं. आणि सामान! तुतारी एक्स्प्रेसमध्ये चाकरमानी जी बोचकी चढवतो ती तिथे नेऊ नका. टोकियो-ओसाका-हिरोशिमा मार्गाच्या शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर बॅग असेल तर सामानाच्या जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते. पास असो वा तिकीट, नियम तोच. पासधारकाला सीट राखायला पैसे पडत नाहीत, पण राखावी मात्र लागते.

समुद्राकाठच्या माणसाने पासाच्या बाजूने एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाला जाणारी जेआरची फेरी त्यात येते. दाभोळ-धोपावेची जेटी रोज बघणाऱ्याला ती ओळखीचीच वाटेल. वर फक्त 100 येनांचा पाहुणेकर. शेजारीच दुसऱ्या कंपनीची फेरीही उभी असते, तिच्यात पास चालत नाही, तेव्हा पाटी बघून चढा.

परतताना नेहमीच्या सुइकात पैसे उरले तर ते पूर्व भागातल्या जेआर स्टेशनावरच परत मिळतात, ओसाकात नाही. कार्ड घेताना भरलेली 500 येनांची अनामत मिळते, शिल्लकीतून 220 येन कापतात. शिल्लक शून्यावर आणलीत तर काहीच कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी ती स्टेशनवरच्या दुकानात संपवावी. पर्यटकांच्या 28 दिवसांच्या वेलकम सुइकाला अनामत नाही, तसे उरलेले पैसेही परत मिळत नाहीत.