वेळापत्रकाची खडतरता (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

वेळापत्रकाची खडतरता: एखाद्या संघाने हंगामभरात किती बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी सामने खेळले, याचे मोजमाप. अमेरिकेत यास ‘स्ट्रेंग्थ ऑफ शेड्यूल’ म्हणतात. कॉलेज फुटबॉल प्लेऑफ या राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद स्पर्धेसाठी संघ निवडताना लावल्या जाणाऱ्या निकषांपैकी सर्वाधिक वाद याच निकषावरून होतात.

वादाचे मूळ संघांच्या संख्येत आहे. २०२५ च्या हंगामात वरच्या श्रेणीत १३६ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला १२ सामने येतात. त्यांपैकी आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समधील, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटातील संघांशी होतात. उरलेले तीन-चार विद्यापीठ स्वतः ठरवते. त्यामुळे बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. क्रिकेटमध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या २०२३–२५ च्या चक्रात दक्षिण आफ्रिका इंग्लंड व ऑस्ट्रेलियाशी एकही मालिका न खेळता अंतिम सामन्यात पोहोचली, तेव्हा असाच आक्षेप घेतला गेला होता. तिथे निदान गुणतक्ता होता. इथे १३ जणांची निवडसमिती टेक्सासमधील ग्रेपवाइन येथे बसते आणि चर्चा व मतदानाने क्रमवारी लावते.

खडतरता मोजण्याची जुनी रीत सोपी होती. प्लेऑफच्या आधी राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यासाठी संघ ठरवणाऱ्या, १९९८ मध्ये सुरू झालेल्या बीसीएस पद्धतीत प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला दोन तृतीयांश आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला एक तृतीयांश वजन होते. पण सरासरी फसवी असते. सहा अव्वल आणि सहा लिंबूटिंबू संघ, किंवा बाराच्या बारा मध्यम संघ, या दोन वेळापत्रकांची सरासरी सारखीच येऊ शकते. मात्र खरोखर बलाढ्य संघाला मध्यम संघांना हरवणे जड जात नाही, त्याची कसोटी त्या सहा अव्वल संघांसमोर लागते. म्हणून पुढे प्रश्नच उलटा विचारला जाऊ लागला: या वेळापत्रकात एखाद्या सर्वसाधारण चांगल्या संघाने इतके सामने जिंकले असते का? या मापाला ‘स्ट्रेंग्थ ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात. २०२५ च्या हंगामापूर्वी प्लेऑफच्या व्यवस्थापनाने याच धर्तीचे माप समितीच्या हाती दिले आणि बलाढ्य संघांविरुद्धच्या सामन्यांचे वजन वाढवले. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

प्लेऑफच्या पहिल्याच हंगामात, २०१४ मध्ये, या निकषाची धग बेलर आणि टीसीयू या टेक्सासमधील विद्यापीठांच्या संघांना लागली. तेव्हा जागा चारच होत्या. कॉन्फरन्सबाहेर बेलरने निवडलेले तिन्ही प्रतिस्पर्धी, एसएमयू, नॉर्थवेस्टर्न स्टेट आणि बफेलो, दुबळे होते. टीसीयूने शेवटचा सामना ५५–३ असा जिंकला, तरी तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर घसरला. ओहायो स्टेटने गटाच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९–० असे लोळवून चौथी जागा घेतली आणि पुढे विजेतेपदही मिळवले. बेलर आणि टीसीयू यांच्या बिग १२ गटात तेव्हा अंतिम सामनाच नव्हता, म्हणजे अखेरच्या आठवड्यात बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवून दाखवण्याची संधीच त्यांना नव्हती. तो सामना २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला.

सर्वांत मोठा अन्याय मात्र छोट्या गटांतील संघांच्या वाट्याला येतो. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा अपराजित राहिला, तरी समितीने त्याला १२ व्या क्रमांकावर ठेवले. जॉर्जिया टेकविरुद्धचा त्यांचा सामना इर्मा चक्रीवादळामुळे रद्द झाला होता. नंतर खालच्या श्रेणीतील ऑस्टिन पी या संघाशी सामना ठरवून वेळापत्रक भरावे लागले. पुढे पीच बोल या हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला ३४–२७ असे हरवले. त्याच ऑबर्नने त्या हंगामात जॉर्जिया आणि अलाबामा या दोन्ही अंतिम फेरीतील संघांना हरवले होते. छोट्या संघाशी हरलो तर नाचक्की आणि जिंकलो तरी फारसे श्रेय नाही, असा हिशेब करून मोठी विद्यापीठे अशा संघांशी खेळणे टाळतात, आणि मग सोप्या वेळापत्रकाचा दोष त्या छोट्या संघाच्याच माथी येतो. ही कोंडी २०२१ मध्ये सिनसिनाटीने फोडली. नोटर डेमला त्यांच्याच मैदानावर २४–१३ असे हरवून, अपराजित राहून चार संघांत येणारा तो छोट्या गटांतील पहिला संघ ठरला.

२०२४ पासून जागा १२ झाल्या: सुरुवातीच्या नियमानुसार क्रमवारीतील सर्वोत्तम पाच गटविजेते आणि इतर सात संघ. त्याच वर्षी ९–३ (नऊ विजय, तीन पराभव) अशा अलाबामाला डावलून ११–२ अशा एसएमयूला घेतले गेले. अलाबामाचे वेळापत्रक नक्कीच अधिक खडतर होते. पण त्यांचे दोन पराभव व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमा या ६–६ असा नियमित हंगाम संपवणाऱ्या संघांकडून होते. पुढील काळात कॉन्फरन्सबाहेरच्या कठीण लढती किती ठेवाव्यात याचा विचार करावा लागेल, असे त्यांचे क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितले. इंडियाना ११–१ अशा कामगिरीने आत आला, तरी सोप्या वेळापत्रकावरून टीका झाली. वास्तविक त्यांनी आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातील मिशिगन आणि वॉशिंग्टन या दोन्ही संघांना हरवले होते, पण दोघेही त्या हंगामात ढेपाळले होते. गटाबाहेरच्या लढती तर कित्येक वर्षे आधी ठरतात. करार करताना बलाढ्य असलेला संघ प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशी तसाच असेल याची खात्री कोण देणार?

२०२५ मध्ये टेक्सासने हंगामाचा पहिलाच सामना ओहायो स्टेटच्या मैदानावर खेळला, १४–७ असा गमावला, आणि शेवटी तीन पराभवांमुळे तो बाहेर राहिला. पराभवांची संख्या समितीच्या मनात खडतरतेपेक्षा जड भरते, ती अशी. तरीही २०२६ पासून अलाबामा आणि टेक्सास यांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने गटांतर्गत सामने आठऐवजी नऊ करण्याचे ठरवले असून, प्रत्येक संघाने गटाबाहेरच्या किमान एका मातब्बर संघाशीही खेळावे असा नियम केला आहे.