कूलरचा चुलतभाऊ

एप्रिल लागला की आमच्या वरुडकडे घरोघरी एकच कार्यक्रम असतो. पडवीतला कूलर अंगणात येतो, ताट्यांचं कडक झालेलं गवत उकिरड्यावर जातं, टाकीच्या बुडाशी बसलेला पांढरा क्षार खराट्यानं खरवडला जातो आणि पंप का फिरत नाही यावर घरातले सगळे आपापलं मत देतात. यंदा हे काम भाच्याकडे होतं. नवव्या वर्गात आहे, त्यामुळे एका हातात पाना आणि दुसऱ्यात मोबाईल. मोबाईलवर हिरवागार डोंगर, चरणाऱ्या गाई, आणि मधोमध एका डब्यासारख्या यंत्रातून पांढरा भुगा पडून लागलेला ढीग. वर मजकूर : ‘भर उन्हाळ्यात बर्फ! विज्ञानाचा चमत्कार!’

“मामाजी, थे मशीन आपल्याइथं चालन का?”

“त्याच्या भावालेच तू धुऊन राहिला न बाबू,” मी म्हटलं.

त्याला वाटलं मी टाळतोय. पण बर्फ पाडणारं यंत्र आणि आपला पत्र्याचा कूलर एकाच घराण्यातले आहेत, आणि हे घराणं समजून घ्यायला विदर्भाच्या मे महिन्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही.

आमच्या शाळेत दरवर्षी एक प्रयोग करतो. व्हरांड्यातल्या एकाच खिळ्याला दोन तापमापक टांगायचे. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलची चिंधी गुंडाळायची, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. दुपारी दोन वाजता कोरडा पारा ४४ अंश सेल्सिअस दाखवतो आणि ओला पारा २२. सावली तीच, हवा तीच, आणि तब्बल २२ अंशांचा फरक! पोरं दरवर्षी तापमापक बिघडला म्हणतात. बिघडलेलं काही नसतं. चिंधीतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडतं आणि ओला पारा तितका खाली जातो. या आकड्याला हवामानशास्त्रात वेट बल्ब तापमान म्हणतात. मी ओला पाराच म्हणतो.

कूलरची सगळी करामत या ओल्या पाऱ्यापर्यंत. ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर ४४ अंशांची हवा २६-२७ पर्यंत येते, पण २२ च्या खाली कितीही मोठा पंखा लावला तरी जात नाही. जुलैत कोरडा पारा ३० आणि ओला २८ असतो. मग कूलर लावा की न लावा, अंगाला नुसती चिकचिक. यंत्र तेच असतं, हवेतली तहान संपलेली असते.

आता बर्फाच्या तोफेकडे येऊ, म्हणजे पाण्याचे तुषार थंड हवेत उडवून त्यांचा बर्फ करणाऱ्या यंत्राकडे. स्कीइंगच्या, म्हणजे पायाला लांब फळ्या (स्की) बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याच्या खेळाच्या गावांतली माणसं ‘आज पारा किती’ असं विचारत नाहीत, ‘ओला पारा किती’ असं विचारतात. तो उणे २.५ च्या आसपास आला की तोफा सुरू होतात. यातली गंमत पाहा. हवा १ अंशावर आहे, म्हणजे गोठणबिंदूच्या वर, पण आर्द्रता फक्त ३० टक्के. अशा वेळी ओला पारा उणे ३ च्याही खाली जातो आणि बर्फ पडतो. उलट हवा उणे १ वर आहे पण दाट धुकं आहे, तर ओला पारा उणे १ च्या जवळच राहतो आणि तोफेतून नुसतं गार पाणी पडतं. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जवळपास सगळा बर्फ यंत्राचा होता. तिथल्या डोंगरात हिमवृष्टी कमी, पण हिवाळा कडाक्याचा आणि हवा कोरडीठाक. तोफांना आणखी काय हवं?

थोडं गणित करू, कारण मला हे गणित फार आवडतं. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. हे शाळेतच येऊन जातं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरत नाही : गोठताना पाणी स्वतः गरम श्वास सोडतं, आणि ती उष्णता कोणीतरी उचलून नेल्याशिवाय पुढचा थेंब गोठत नाही. उचलणार कोण? वाफ. शून्य अंशाजवळ एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास ६०० कॅलरी लागतात. ६०० भागिले ८०, साडेसात. म्हणजे एका ग्रॅमनं उडून जावं आणि मागच्या साडेसात ग्रॅमचा बर्फ व्हावा. प्रत्यक्षात भोवतालची थंड हवाही काही उष्णता ओढते, त्यामुळे सगळा बोजा वाफेवर पडत नाही. पण कोराडीच्या वीजकेंद्राचे ते डमरूसारखे मनोरे, आपला माठ, कूलर आणि आल्प्समधली तोफ, सगळे हाच एक हिशेब मांडून बसलेले आहेत. बर्फाच्या काही गावांत तर पाणी तोफेत जाण्याआधी गार करायला मनोरे उभारलेले असतात.

तोफ दिसायला कशी? संत्र्याच्या बागेत फवारणीला येणारा ट्रॅक्टरचा ब्लोअर आठवा. मोठा पंखा, त्याच्या तोंडाभोवती नोझलचं कडं, आणि पंख्याच्या झोतानं लांब उडणारं तुषारांचं धुकं. पंख्याची तोफ हुबेहूब तशीच असते. दुसरा प्रकार उंच खांबाचा. खांबाच्या टोकाशी नोझल, म्हणजे थेंब खाली येईपर्यंत त्याला गोठायला चार-दोन सेकंद जास्त मिळतात.

हे यंत्र जन्मलं तेही फवारणीच्याच सामानातून. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात वेन पीअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची हे तिघं स्की बनवायचे. १९४९-५० च्या हिवाळ्यात बर्फच पडला नाही, स्की घेणार कोण? तेव्हा रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक नोझल आणि बागेचा रबरी पाइप जोडून त्यांनी १९५० मध्ये पहिली तोफ उडवली.

इथवर सोपं होतं. आता जरा दम धरा.

शून्य अंशाला पाण्याचा बर्फ होतो हे आपण पाठ केलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. शून्याला बर्फ वितळतो, हे पक्कं. पण स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब शून्याखाली गेला तरी गोठतोच असं नाही. तो उणे १०, उणे २०, अगदी उणे ३८ च्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो. कारण बर्फाचा पहिला कण तयार होणं हेच महाकठीण काम आहे. काही रेणूंनी एकत्र येऊन स्फटिकाची रचना धरली, तर त्यांच्या आकारमानातून ऊर्जेची बचत होते, पण बर्फ आणि पाणी यांच्यामध्ये जो नवा पृष्ठभाग तयार होतो त्याचा खर्च भरावा लागतो. कण अगदी लहान असेल तर पृष्ठभाग जास्त आणि पोट कमी, म्हणजे खर्च बचतीपेक्षा मोठा. असा कण बनताबनताच मोडतो. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेला तरच तो तगतो आणि मग क्षणात सगळा थेंब गोठतो. शून्याच्या जरासं खाली हा आकार फार मोठा असतो, खूप खाली गेलं की लहान होतो. म्हणून थंड असूनही थेंब अडून बसतो. त्याला दह्याच्या विरजणासारखं काहीतरी लागतं.

विरजण दोन तऱ्हेनं देतात. एक, दाबलेली हवा आणि थोडं पाणी एका बारीक नोझलमधून सोडायचं. हवा एकदम प्रसरण पावते, एकदम थंड होते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म कण तिथल्या तिथे बर्फ होतात. हे कण मुख्य फवाऱ्यात मिसळले की बाकीचे थेंब त्यांच्या मागे जातात. सायकलच्या भरलेल्या ट्यूबमधली हवा सोडताना बोटाला गार लागतं, तीच गोष्ट.

दुसरं विरजण शेतातून आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीव्हन लिंडो हा तरुण संशोधक मक्यावर काम करत होता. मक्याच्या वाळल्या पानांची भुकटी फवारली की रोपं हलक्या गारठ्यातही करपतात, असं तिथं लक्षात आलं होतं. दोष निघाला पानांवर राहणाऱ्या स्यूडोमोनास सिरिंगी नावाच्या जिवाणूचा. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, ज्याच्या रांगेत पाण्याचे रेणू बर्फाच्या शिस्तीत उभे राहतात. उणे २ अंशांनाच थेंब गोठतो, पानाची पेशी फुटते आणि जिवाणूचं पोट भरतं! हेच जिवाणू मारून, वाळवून, त्यांची पूड स्नोमॅक्स नावानं तोफांच्या पाण्यात घालायला विकली जाते. आल्प्सच्या काही भागांत अशी भर घालायला मनाई आहे. बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. त्याच्या १५ वर्षं आधी, १९८७ मध्ये, जनुक बदलून उघड्या शेतात परवानगीनं सोडलेला पहिला जीव हाच जिवाणू. त्यातलं बर्फ करणारं जनुक काढून तो कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीवर फवारला होता.

विरजणाचा विषय निघाला की गावात कोणीतरी गारांवर येतंच. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर शेत पांढरं होतं आणि ‘विदर्भात बर्फवृष्टी’ म्हणून फोटो फिरतात. ती बर्फवृष्टी नव्हे, आणि ज्याचा हरभरा गारांनी झोपवला त्या माणसाला ते नाव ऐकून काय वाटत असेल! पूर्वी आपल्याकडे मंत्र म्हणून गारा थोपवणारे गारपगारी असत, गाव त्यांना धान्य देई. आज त्या गोष्टीवर हसणारे लोक आभाळाकडे स्फोट करणाऱ्या ‘गारतोफे’च्या जाहिराती मात्र गंभीरपणे वाचतात. त्या तोफांना वैज्ञानिक आधार नाही, हे जागतिक हवामान संघटनेनं केव्हाच सांगितलं आहे. मंत्र निदान स्वस्त होता.

भाच्याच्या व्हिडिओत गाई चरत होत्या, म्हणजे तो उन्हाळ्यातला. बर्फाच्या गावांचा खरा कामाचा हंगाम उन्हाळाच. डोंगरउतारावर चर खणून पाइपलाइन टाकायची, जागोजागी व्हॉल्व्ह काढायचे, पंप बदलायचे. १० मीटर चढाला एक किलो दाब लागतो हे विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तिथं ३०० मीटर चढ असतो, म्हणजे पाणी नुसतं वर पोचायलाच ३० किलो, नोझलचा दाब वेगळा. एवढे दांडगे पंप कशाला? कारण ओला पारा कधी तीन-चार रात्रीच साथ देतो आणि तेवढ्यात सगळा उतार झाकायचा असतो. रात्रपाळीच्या लाइटवर ओलित करणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. पाणी साठवायला डोंगरावर तळं खणतात, आत प्लास्टिकचं अस्तर, भोवती कुंपण. आपलं शेततळंच. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर थर द्यायला साधारण १२ लाख लिटर पाणी जातं. आपलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, बाजू उतरत्या असल्यानं, काठोकाठ भरलं तर २२ लाख लिटर. दोन हेक्टरसुद्धा होत नाहीत. आणि असल्या तळ्यांवरून तिथल्याही गावांत भांडणं होतात.

काही ठिकाणी दुसरी युक्ती करतात. स्वित्झर्लंडच्या दाव्होसमध्ये हिवाळ्यात केलेल्या बर्फाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली झाकून उन्हाळाभर ठेवतात. ४० सेंटिमीटर भुसा घातला की ऑक्टोबरपर्यंत जवळपास तीनचतुर्थांश बर्फ शाबूत राहतो. लग्नात बर्फाची लादी भुशात गुंडाळून आणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. भुसा उष्णता अडवतो, शिवाय ओला भुसा वाळताना थंडावा देतो. म्हणजे पुन्हा कूलरच.

आणि भर उन्हाळ्यात बर्फ करणारा तो डबा? त्याचे प्रकार आहेत. साधा प्रकार म्हणजे मोठं शीतगृह. थंड ड्रमवर बर्फाचे पापुद्रे धरवायचे आणि खरवडून बाहेर फुंकायचे. दुबईत २००५ मध्ये उघडलेला बर्फाचा डोंगर तर सरळ बंद खोलीत आहे. तो वाळवंटातला चमत्कार नव्हे, विजेचं बिल आहे. मला मोह पडतो तो निर्वात यंत्राचा. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या खटपटीतून इस्रायलमध्ये ही पद्धत निघाली, दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणी थंड करायला वापरली गेली आणि मग स्वित्झर्लंडच्या झर्मॅटला पोचली. बंद टाकीतली हवा काढत दाब वातावरणाच्या दीडशेव्या हिश्श्याच्याही जरा खाली आणायचा. तिथं शून्य अंशाजवळ पाणी एकाच वेळी उकळतं आणि गोठतं. उकळून एक भाग वाफ होतो, मागे साडेसात भाग बर्फ. बाहेर ऊन किती आहे, हवा दमट की कोरडी, याच्याशी काही देणंघेणं नाही, कारण आत हवाच नाही.

“म्हणजे हे आपल्याइथं चालन,” भाचा म्हणाला.

चालेल. तोफ मात्र चालणार नाही. जानेवारीतल्या कडक पहाटे पारा ८ अंशांवर आला आणि हवेत बाष्पाचा कण नाही असं धरलं, तरी ओला पारा शून्याच्या जेमतेम खाली जातो, उणे २.५ ला पोचत नाही. गुलमर्गलाही बर्फाची खात्री उरलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या.

त्यानं मोबाईल खिशात टाकला, नव्या ताट्या खाचेत बसवल्या आणि बादलीनं टाकी भरली. पंप फिरला. थोड्या वेळानं त्यानं शाळेच्या किटमधला तापमापक आणून कूलरच्या तोंडाशी धरला. बाहेर ४१ होतं. २७ वर येऊन पारा थांबला, तर म्हणतो, “मामाजी, अजून खाली जाऊन नाही राहिला.”

मी त्याला चिंधी आणि दोरा आणायला पाठवलं.